पानिपतची गोळी, अक्कलकोटचा वारस
जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि इतिहास वळतो. कथा रंगते, पण आम्हाला एक उणीव जाणवते: सगळं वळण योगायोगावर.

आता आपल्या अक्कलकोटचा ‘जर’ बघा. १७०७मध्ये शाहू महाराजांनी पारदच्या लोखंडे पाटलांचं पोर आपलं मानून वाढवलं. तेच फत्तेसिंह भोसले, इथल्या संस्थानाचे मूळपुरुष. १७४९मध्ये महाराज गेले. मागे मुलगा नव्हता. गादीवर बसवलं रामराजांना, ताराबाईंचे नातू म्हणून. पुढे ताराबाईंनीच ते नातं नाकारलं!

मग फत्तेसिंह बसले असते तर? इथे गोळी नाही, माणसांनी केलेली निवड आहे: रक्त की संगोपन? ‘जर-तर’ची कथा लिहिणाऱ्यानं हा प्रश्न टाळू नये, असं आम्हाला वाटतं.