ओवीत उतरलेले प्रबोधन

फलटण हे महानुभाव परंपरेत श्रीचक्रपाणींचे जन्मस्थान. धर्मतत्त्व मराठीतच सांगावे, हा आग्रह या पंथाने तेराव्या शतकात धरला. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ त्याची साक्ष आहे. दान्तेने लॅटिन सोडून लोकभाषेत महाकाव्य रचले ते त्यानंतर.

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे प्रबोधनकालीन इंग्लंडात वाढलेले येशूसंघीय. ते १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यातील मराठीचे स्तवन आपण कौतुकाने मिरवतो. पण ग्रंथाचे खरे बळ तेथे नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या कथनात श्रोते प्रश्न विचारतात आणि गुरू उत्तर देतो. शंकेला येथे मान आहे. विस्तार काही ठिकाणी कंटाळवाणा होतो, हेही मान्य करावे लागेल.

मात्र ग्रंथ रोमन लिपीत छापला गेल्याने देवनागरी वाचकाला तो दुरावला. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली ती १९५६ साली. श्रवणासाठी रचलेले हे पुराण ग्रंथालयाच्या कपाटात राहिले, तर ती लिपी बदलूनही व्यर्थच. घरातील मुलांना निदान एक प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत.