हळकुंडाचे जाणकार

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात नवी हळद आली की खरेदीदार ढिगात हात घालून एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. नीट वाळलेलं हळकुंड कडकन मोडतं, खणखणीत आवाज देतं. मग तो मोडलेली बाजू उजेडात धरतो. रंग सालीपासून गाभ्यापर्यंत सारखा आहे का, हे बघतो. हळद जास्त शिजली की रंग बिघडतो, कमी शिजली की माल ठिसूळ होतो. शेतातली कढई आणि त्यानंतरचं वाळवण त्याला त्या मोडीत दिसतं. चार क्षणांचं हे काम, पण मी त्याला वाचनच म्हणतो.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी वसमतला स्वतंत्र हरिद्रा केंद्रही उभं राहतंय. आपल्या जिल्ह्याच्या काळ्या मातीतला हा कंद इतका ओळखीचा आहे, की त्याच्याकडे थांबून बघायचं राहून जातं. निरनिराळ्या वैद्यकांनी मात्र तो थांबून बघितला आणि प्रत्येकाला त्यात वेगळं काही सापडलं.

आपला वैद्य हळद जिभेवर वाचतो. ओल्या हळदीचा तुकडा चावून बघा. आधी कडू लागतं, मग तिखटपणा पुढे येतो आणि घशात ऊब उतरते. तिक्त-कटू रस, उष्ण वीर्य, रूक्ष आणि लघु गुण हे शास्त्रातलं वर्णन आहे आणि जिभेलाही ते पटतं. कफाचा जडपणा जिथे साचलाय तिथे रूक्ष द्रव्य चालेल, असा हा हिशोब. म्हणून प्रमेहात हळद आवळ्याबरोबर येते. एकीचा कोरडेपणा आणि दुसऱ्याचा आंबट-तुरट थंडावा, अशी ही जोडी मला फार सुंदर वाटते. औषध एकट्याने न देता त्याला सोबत देण्याची समज तिच्यात आहे.

चिनी वैद्यकाने हीच वनस्पती वाचली, तेव्हा तिचे अवयव वेगळे केले. तांग राजवटीत, ६५९ साली, सरकारी आज्ञेने तयार झालेल्या औषधिग्रंथात हळदीची नोंद आहे. जमिनीतल्या कंदाला तिकडे जिआंगहुआंग म्हणतात. तो उष्ण, रक्त आणि प्राणशक्ती हलती करणारा, खांदा-दंड आखडला किंवा मार लागून रक्त साकळलं तर द्यायचा. पण हळद उपटल्यावर काही मुळ्यांच्या टोकाला लहान फुगीर गाठी लोंबताना दिसतात. आपण जेठे गड्डे बियाण्याला ठेवतो, हळकुंडं शिजवतो आणि त्या गाठी मातीबरोबर झटकून टाकतो. चीनमध्ये त्या वेगळ्या तोडून, उकळून वाळवतात. हळदीच्या आणि तिच्या कुळातल्या काही बहिणींच्या या गाठी म्हणजे युजिन. त्याचा गुण थंड. युजिन काविळीत देतात, मन घुसमटलं, बेचैन झालं तर देतात. एकाच झाडाचा एक भाग उष्ण आणि त्याला लोंबणारा दुसरा थंड! आयुर्वेदात वाढलेल्या वाचकाला हे एकदम पटणार नाही. मलाही यात सिद्ध झालेलं सत्य किती आणि परंपरेचं वर्गीकरण किती, हे वेगळं करता येत नाही. पण बघण्यातली ही बारकाई दाद देण्यासारखी आहे.

आणि मार लागल्यावर द्यायचं म्हटलं, तर आपल्याकडे मुका मार लागला की काय करतात? आंबेहळद उगाळून, कोमट करून तिचा लेप लावतात. आंबेहळद हे हळदीचंच भावंड. कळमनुरीच्या आजीने चिनी ग्रंथ वाचलेला नाही आणि सिचुआनच्या वैद्याला औंढा ठाऊक नाही. तरी सुजलेल्या घोट्यापाशी दोघांचे हात एकाच कुळाकडे जातात. लेप वाळेपर्यंत सूज उतरली नाही तर तीच आजी नातवाला एक्स-रे काढायला हिंगोलीला पाठवते. कापलं तर हळद दाबते आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यायला लावते. तिच्या घरात दोन वैद्यकं शेजारी-शेजारी राहतात आणि तिला त्यात काही नवल वाटत नाही.

पाश्चात्त्य रसायनशास्त्राचं वाचन सर्वांत उशिरा आलं आणि सर्वांत खोल गेलं. १८१५ मध्ये हळदीतलं पिवळं द्रव्य वेगळं काढलं गेलं, १९१० मध्ये त्याची रचना कळली. तेच कुरक्युमिन. मग हजारो शोधनिबंध निघाले. तरी २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात हा सगळा पसारा तपासून स्पष्ट लिहिलं गेलं, की हा रेणू अस्थिर आहे, आतड्यातून रक्तात जेमतेम पोचतो, प्रयोगशाळेच्या चाचण्यांना सहज फसवतो आणि काटेकोर मानवी चाचणीत त्याने अजून निःसंशय यश दाखवलेलं नाही. हळदीच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून वाईट वाटू शकतं. मला मात्र त्या लेखाचा आदर वाटतो. स्वतःच्याच शाखेतल्या लोकांना इतकं सरळ सांगायला धाडस लागतं.

रक्तात न पोचण्याच्या या अडचणीवर बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक उत्तर दाखवलं होतं. मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर कुरक्युमिन दिलं, तर माणसाच्या रक्तात ते कितीतरी पट जास्त सापडतं. हळदीच्या दुधात मिरपूड घालणाऱ्या घरांना यात आपलीच रीत दिसेल. पण चिमूटभर हळद आणि गोळीत कोंबलेला अर्क यांत फार अंतर आहे. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची प्रकरणं एकापाठोपाठ समोर आली आणि सरकारला इशारा द्यावा लागला. परंपरेने जे प्रमाण आणि जी सोबत ठरवली होती ती काढून टाकायची, आणि वर ‘पारंपरिक, म्हणून निर्धोक’ असं डब्यावर मिरवायचं, हे मला वाचनच वाटत नाही.

सावकाश वाचनाचं उदाहरण पाहायचं तर चिनी संशोधक तू यूयू यांचं पाहावं. त्या आधुनिक औषधशास्त्र शिकल्या, मग अडीच वर्षं चिनी वैद्यकाचा अभ्यासक्रमही केला. मलेरियावर औषध शोधताना त्यांच्या हाती छिंगहाव या वनस्पतीचे अर्क होते, पण परिणाम कधी दिसायचा, कधी नाही. तेव्हा चौथ्या शतकातल्या ग हाँग यांच्या ग्रंथाकडे त्या पुन्हा वळल्या. तिथे काढा नव्हताच. मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितला होता. उकळण्याचा उल्लेख नाही, ही गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. उष्णतेने गुण जात असेल, असं धरून त्यांनी पस्तीस अंशांच्या आसपास उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि आर्टेमिसिनिनची वाट मोकळी झाली. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज आपल्या सरकारी दवाखान्यांत फॅल्सिपेरम मलेरियावर याच घराण्यातली औषधं देतात. ग्रंथात जे लिहिलेलं नाही तेही वाचायला दोन्ही विद्यांत मुरलेली नजर लागते.

हळदीच्या वाट्याला याच्या अगदी उलट वाचन आलं. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं, क्रमांक ५४०१५०४. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि ते १९९७ मध्ये रद्द ठरलं. या लढाईतला मला आवडणारा तपशील पुराव्यांचा आहे. संस्कृतातले जुने ग्रंथ होतेच, पण त्यांच्याच गठ्ठ्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा निबंधही होता. ज्या आधुनिक वैद्यकाच्या पद्धतीने पेटंट मागितलं, त्याच पद्धतीने लिहिलेलं कागदपत्र आजीच्या बाजूने साक्षीला उभं राहिलं.

वसमतच्या केंद्राकडून माझी एक अपेक्षा आहे. कुरक्युमिनची टक्केवारी ते मोजतीलच, भावात तिचंही वजन असतं. पण काढणीच्या वेळी बांधावर झटकल्या जाणाऱ्या त्या मुळ्यांच्या गाठी कुणीतरी गोळा कराव्यात. आपल्या वाणांना त्या किती धरतात, त्यांत काय काय आहे, कंदातल्या द्रव्यांहून ते वेगळं आहे का, हे तपासावं. चिनी वैद्याने त्यात थंडपणा वाचला. वसमतच्या मातीतल्या गाठी प्रयोगशाळेत काय सांगतात, ते मला वाचायचं आहे.