आडनावावरचं पीठ

पुण्यात किंवा मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांच्या तोंडी ‘मॅक्सम्युलर भवन’ हे नाव सतत असतं. जगभर ही संस्था गोएथे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते, भारतात मात्र तिच्या केंद्रांना ऋग्वेदाच्या या जर्मन संपादकाचं नाव आहे. त्यातल्या ‘म्युलर’चा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. तो अगदी साधा आहे: दळण दळून देणारा. गिरणीवाला.

जर्मनीत सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव हेच आहे. शंभरातल्या साधारण एकाचं. स्वित्झर्लंडमध्येही पहिला नंबर म्युलरचाच. फुटबॉल बघणाऱ्यांना गेर्ड म्युलर आणि थॉमस म्युलर माहीत असतात; दोघंही बायर्न म्युनिककडून खेळलेले, पण नात्याने एकमेकांचे कोणी नाहीत. इतक्या लोकांचं आडनाव असलं की त्यावरून माणसाबद्दल काहीच कळत नाही. मला या आडनावात रस आहे तो त्यामुळेच. आडनावाचा अर्थ मरतो कसा, आणि तो मरणं चांगलं की वाईट?

आधी त्याचा जन्म बघू. लॅटिनमध्ये जात्याच्या दगडाला ‘मोला’ म्हणत. त्यावरून गिरणी झाली ‘मोलिना’ आणि गिरणीवाला ‘मोलिनारियस’. रोमनांच्या पाणचक्क्यांबरोबर हा शब्द उत्तरेकडे गेला आणि जर्मन तोंडात झिजत झिजत म्युलर झाला. उत्तर जर्मनीत तोच म्योलर. अमेरिकेत गेलेले अनेक म्युलर मिलर झाले. लॅटिनचा सोस असलेल्या काही विद्वानांनी स्वतःचं ‘मोलिटोर’ करून घेतलं.

बाराव्या शतकापासून जर्मन शहरं वाढू लागली आणि नुसत्या नावावर भागेना. गल्लीत पाच हान्स असतील तर हाक मारायची कुणाला? मग लोहार हान्स झाला श्मिट, शिंपी हान्स श्नायडर, कोळी हान्स फिशर आणि गिरणीवाला हान्स म्युलर. यात एक गंमत आहे. गावात गिरणी साधारण एकच असायची, म्हणून ‘गिरणीवाला’ म्हटलं की गावात तो एकच माणूस. पण अशी एकेक गिरणी गावोगावी होती. प्रत्येक गावात ज्या नावाने एक माणूस वेगळा कळायचा, ते सगळ्या गावांची बेरीज केल्यावर देशातलं सगळ्यात सामान्य नाव ठरलं.

हे नाव तेव्हा मानाचं मात्र नव्हतं. गिरणी बहुतेक वेळा जमीनदाराच्या हक्काची असे आणि शेतकऱ्याला दळण तिथेच न्यावं लागे. गिरणीवाला मोबदला म्हणून धान्यातला वाटा ठेवून घ्यायचा. त्यामुळे तो माप मारतो, हा संशय कायमचा. त्यात त्याचं घर ओढ्याकाठी, गावाबाहेर. अनेक भागांत हा धंदा ‘अप्रतिष्ठित’ धंद्यांत मोजला जाई. विणकर, मेंढपाळ, न्हावी यांच्याप्रमाणे गिरणीवाल्याच्या मुलालाही कारागिरांच्या संघात प्रवेश नाकारला जाई. गुन्हा काय, तर बापाचा धंदा.

1548 साली साम्राज्याच्या कायद्याने सांगितलं की या लोकांच्या मुलांना संघाबाहेर ठेवू नका. 1577मध्ये तेच पुन्हा सांगावं लागलं. 1731च्या कारागिरांच्या कायद्यातही हा विषय आहेच. एकच गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागते, तेव्हा लोक ती ऐकत नव्हते असाच त्याचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर ‘डी शोने म्युलरिन’ म्हणजे ‘गिरणीवाल्याची सुंदर मुलगी’ ही कवितामालिका वाचावी. कवी विल्हेल्म म्युलर (1794–1827), देसाऊ गावचा. आडनाव गिरणीवाला, पण बाप शिंपी. म्हणजे अर्थ तेव्हाच निम्मा पुसला गेला होता. या कवितांची सुरुवात 1816च्या सुमारास बर्लिनमधल्या एका दिवाणखान्यातल्या खेळातून झाली. मित्रमैत्रिणींनी पात्रं वाटून घेतली आणि गिरणीवाला पोरगा व्हायचं विल्हेल्मकडे आलं ते आडनावामुळेच. पुढे 1823मध्ये शूबर्टने त्यातल्या वीस कवितांना चाली दिल्या. आज ही मालिका लोकांच्या कानात आहे ती त्या चालींमुळे.

गोष्ट चार ओळींची. काम शोधणारा पोरगा ओढ्याच्या सोबतीने गिरणीवर पोचतो, मालकाच्या मुलीच्या प्रेमात पडतो, तिला शिकारी आवडतो, पोरगा ओढ्यात जीव देतो. सहसा याकडे हळव्या प्रेमभंगाची गाणी म्हणून बघतात. मला ते अपुरं वाटतं. या कवितांमधले रंग बघा. पोरगा पांढरा, कारण अंगावर पीठ. मुलीला आवडतो हिरवा, आणि शिकाऱ्याचा रंग हिरवा. राबून अंगावर चढलेला रंग हरतो, जंगलात बंदूक घेऊन फिरणाऱ्याचा रंग जिंकतो. पोरगा स्वतःच्या रंगाची लाज बाळगतो आणि शेवटी हिरव्याचाच ध्यास घेतो. ‘अप्रतिष्ठित’ धंद्याचा जुना सल इथे प्रेमकथेच्या आडून बोलतो, असं माझं वाचन आहे. कवितेची मर्यादाही इथेच आहे. पीठ रंग म्हणून येतं, कष्ट मुलीच्या नजरेत भरण्यासाठी येतात. ज्यांचं धान्य दळलं जातं ते शेतकरी कुठेच नाहीत.

1823मध्येच विल्हेल्मला मुलगा झाला. तोच मॅक्स. तो चार वर्षांचा होण्याआधीच बाप गेला. पोरगा संस्कृत शिकला, ऑक्सफर्डला स्थायिक झाला आणि 1849 ते 1874 या काळात त्याने सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत छापून काढला. भारतात तो कधीच आला नाही, पण त्याचं नाव इथे आलं आणि इथलंच झालं: मोक्षमूलर. त्याला ‘भट्ट’ही जोडलं गेलं. ऑक्सफर्डचं झालं गोतीर्थ, जर्मनीचा शर्मण्यदेश.

हे शब्दांचे खेळ सुंदर आहेत, पण सगळे सारखे नाहीत. गोतीर्थ हे भाषांतर आहे: ‘ऑक्स’ म्हणजे बैल, ‘फोर्ड’ म्हणजे उतार. म्युलरचं भाषांतर मात्र झालं नाही. ते झालं असतं तर ऋग्वेदाचा संपादक ‘दळणारा’ ठरला असता. त्याऐवजी आवाज ठेवला आणि अर्थ बदलला. पिठाच्या जागी मोक्ष आला, आणि वर भट्ट. वेदाला हात लावणाऱ्याचं आडनाव धंद्याचं कसं चालेल? परदेशातली विद्या आपण घेतली, पण त्या माणसाला आधी योग्य कुळात बसवून. पहिल्याच भेटीत ‘आडनाव काय?’ असं आपल्याकडे कशासाठी विचारतात, हे तुम्हाला सांगायला नको.

मॅक्सला स्वतःला शब्दांच्या मुळांचा नाद होता. 1863मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांत त्याने ‘मर्’ या धातूची मोठी वंशावळ मांडली. मूळ अर्थ भरडणं. त्यातून युरोपातले गिरणीचे शब्द आणि त्यातूनच आपला मृत्यू. पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी दळणं आणि मरणं यांचे धातू वेगळे मानले. तरी मॅक्सच्या त्या वंशावळीत त्याचं आडनाव बरोबर बसत होतं, मोक्षाकडे नाही तर जात्याकडे बोट दाखवत.

तिसरी म्युलर आपल्या काळातली. हेर्टा म्युलर, जन्म 1953, रोमानियातल्या एका जर्मनभाषक गावात. 2009चं साहित्याचं नोबेल तिला मिळालं. त्याच वर्षीची तिची कादंबरी ‘आटेमशाउकेल’. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी रोमानियातल्या जर्मनांना सोव्हिएत श्रमछावण्यांत नेलं गेलं. हेर्टाची आईही तिथे पाच वर्षं होती. कवी ओस्कार पास्टिओरने सांगितलेल्या आठवणींतून ही कादंबरी उभी राहिली. तिच्यात भूक हे जवळजवळ एक पात्रच आहे आणि फावड्याने केलेल्या कामाचा हिशेब ब्रेडच्या ग्रॅममध्ये होतो. विल्हेल्मच्या कवितेत जे पीठ नुसता रंग होतं, ते इथे जगण्या-मरण्याचं वजन होतं.

हेर्टाने हे आडनावामुळे लिहिलं असं म्हणणं खुळेपणाचं होईल. तिच्यासमोर ‘म्युलर म्हणजे कोण घराण्यातली?’ हा प्रश्नच नाही. आणि हेच मला महत्त्वाचं वाटतं. ज्या नावामुळे एकेकाळी पोराला दारातून परत पाठवत, ते आज कुणी दोनदा ऐकतही नाही. ही मुक्ती कुणी नाव बदलून, त्याला मोक्ष आणि भट्ट चिकटवून मिळालेली नाही. नाव तेच राहिलं. बंद दारं उघडावी लागली, कायदे पुन्हा पुन्हा करावे लागले, आणि त्यात शतकं गेली. आडनावाचा अर्थ असा मेला तर त्याचं सुतक पाळायचं कारण नाही.