सेवक-नेतृत्वाची घरातील बाजू : 'स्मृतिचित्रे'तील ना. वा. टिळक

सेवक-नेतृत्वाची चर्चा अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या अंगानेच अधिक होते. रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० च्या निबंधाने ही संज्ञा रूढ केली. ख्रिस्ती विचारात मात्र तिचा आधार येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या प्रसंगात शोधला जातो. मराठीत या कल्पनेची कसोटी पाहावयाची तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे (चार भाग, १९३४-३६) वळावे लागते. येथे नेत्याची सेवा अनुयायाने गौरविलेली नाही. त्या सेवेची झळ सोसणाऱ्या पत्नीने ती नोंदविली आहे.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांना राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. गिरिप्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जे. सी. विन्स्लो यांच्या १९२३ च्या इंग्रजी चरित्राचा रोख स्वाभाविकच टिळकांच्या आध्यात्मिक विकासाकडे आहे. 'स्मृतिचित्रे'त मात्र हीच घटना संसार मोडल्याची वार्ता होऊन येते. पाचारण पतीला झाले. पत्नीला कोणी विचारले नव्हते. लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने काढलेली सुमारे पाच वर्षे हा त्या पाचारणाचाच एक भाग होय, आणि चर्चच्या गौरवपर लेखनात नेमका तोच गाळला जातो.

टिळकांची दानत हा ग्रंथातील सर्वांत रंजक विषय. दारी आलेल्या अडलेल्याचा हक्क त्यांच्या लेखी घरच्यांच्या आधी. उद्याची चूल कशी पेटणार, हा प्रश्न त्यांना शिवत नसे. तो लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्या हे सारे हसत सांगतात. समीक्षकांनी या विनोदाला 'निरागस' म्हणून वारंवार वाखाणले आहे, पण हे विशेषण अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे. पतीवर दोषारोप न करता आणि त्याची आरतीही न ओवाळता त्याच्या त्यागाचा जमाखर्च मांडण्याची ती एक रीत आहे. त्यागी पुरुषाच्या त्यागात दुसऱ्याच्या वाट्याची भाकरीही असू शकते, हे वाचकाला या हसण्यातूनच उमगते.

तथापि लक्ष्मीबाईंना केवळ पीडित ठरविणेही ग्रंथाला धरून होणार नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पतीमागे निमूटपणे जाऊन नव्हे. जातिभेद ईश्वराने निर्मिला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडविला, सोवळे टाकले आणि मगच पुढचे पाऊल उचलले. दर्शन वा साक्षात्कार यांचा गाजावाजा नसलेले हे पाचारण टिळकांच्या पाचारणाहून कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंनाही तेथे स्थान होते. परदेशी वेतनाच्या आधाराने नेतृत्व करणाऱ्याला सेवक म्हणावे काय, या प्रश्नाला त्यांनी कृतीने दिलेले हे उत्तर धाडसी होते. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले आणि प्रयोग अर्ध्यावर राहिला. 'ख्रिस्तायन'ही अपुरेच होते. आरंभीचे मोजके अध्याय टिळकांचे. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि त्यांना अक्षरओळख झाली होती ती लग्नानंतर.