तबकडीचा पाठ आणि पाठभेद

हाताने चावी देण्याच्या जुन्या मनगटी घड्याळाकडे आपण यंत्र म्हणून पाहतो, फार तर वडीलधाऱ्यांची आठवण म्हणून. त्याच्याकडे एक संहिता म्हणूनही पाहावे, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. जुन्या घड्याळांच्या बाजारात आज जे चालले आहे, त्याचे मोल पाठचिकित्सेच्या कसोटीवरच नेमके ठरते.

उदाहरण म्हणून ‘एचएमटी जनता’ घेऊ. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली बंगलोर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे करावयास प्रारंभ केला. पुढे ती गुरुजींच्या, पटवाऱ्याच्या, रेल्वेतील बाबूच्या मनगटावर विसावली. ‘जनता’ची रचना मितभाषी आहे. साधी तबकडी, ठळक अंक, सरळ काटे. अलंकार असा नाहीच. आतील रचनाही तितकीच नेमस्त. चावी फिरविली की कमान आवळली जाते. ती उलगडताना तिचा जोर दातेरी चक्रांच्या रांगेतून बॅलन्स चक्रापर्यंत पोहोचतो. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५. झीज कमी व्हावी म्हणून मोक्याच्या जागी १७ माणके बसविलेली. एकदा पूर्ण चावी दिली की साधारण दीड दिवसाची निश्चिंती. स्वस्त वस्तू हलकी असावी लागत नाही, हे या घड्याळाने सिद्ध केले.

पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली, चावीची घड्याळे मागे पडली, आणि २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर या घड्याळांना संग्राहकांचा भाव आला आणि भावाबरोबर प्रक्षेपही आले. जुन्या यंत्रावर नव्याने छापलेली, कारखान्याने कधीच न काढलेल्या भडक रंगाची तबकडी चढवावयाची आणि ‘अस्सल जुने’ म्हणून विकावयाचे, हा व्यवहार सर्रास चालतो. भिंगाखाली पाहिले की लबाडी कळते: अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा असमान, अंकांची बैठक मध्यबिंदूशी न जुळणारी.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशाच भेसळीला कंटाळून. आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये, असेही बजावले. त्यांनी ज्ञानेश्वरी ‘सुधारली’ नाही, मूळ पाठाकडे परत नेली. जीर्णोद्धार आणि रंगरंगोटी यांतील भेद तो हाच.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, तुटलेली कमान बदलली तर तोही प्रक्षेपच नव्हे काय? आमच्या मते नव्हे. कमान झिजणारच, तेल सुकणारच. त्याच जातीच्या दुसऱ्या घड्याळातील भाग बसविणे म्हणजे पोथीला नवे बासन करणे होय. घड्याळ चालावे हाच त्याचा धर्म आहे. तबकडी मात्र चालत नाही, ती बोलते. तिच्यावर दुसऱ्याचे शब्द घालणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा. आपल्या जामसांवलीत मारुतीरायाला शेंदूर चढतो, थरावर थर बसतात. मग थराला दोष का द्यावा? उत्तर सोपे आहे. शेंदूर वाहणारा आपण काय वाहिले हे लपवीत नाही. नव्या तबकडीचा विक्रेता लपवितो. दोष थराचा नाही, लपवणुकीचा आहे. म्हणूनच पाण्याने पार गेलेली तबकडी एखाद्या घड्याळजीने नवी करून दिली आणि तसे सांगितले, तर त्या कारागिरास आम्ही बोल लावणार नाही.

हा विषय केवळ संग्राहकांचा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सौसर-पांढुर्णा भाग मध्य प्रदेशात राहिला. येथील जुन्या मराठी घराण्यांचा इतिहास मोठ्या ग्रंथांत थोडा आणि घरच्या वस्तूंत अधिक सापडतो. लग्नात किंवा सेवानिवृत्तीला मिळालेल्या घड्याळाच्या पाठीवर पुष्कळदा नाव आणि तारीख कोरलेली असते. चकाकीच्या हौसेने ती पाठ घासून घेतली की एक शिलालेखच पुसला जातो, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते.

तेव्हा कपाटातील घड्याळ जाणत्या घड्याळजीकडे अवश्य न्यावे. यंत्र उघडून स्वच्छ करवावे, तेल घालवावे, कमान बदलावी. पिवळी पडलेली तबकडी आणि पाठीवरची अक्षरे यांना मात्र हात लावू देऊ नये, हे आधीच स्पष्ट सांगावे. मग रोज सकाळी चावी द्यावी. काळाने लिहिलेला पाठ काळासह चालू ठेवणे, एवढेच वारसदाराचे काम.