अधिकार आणि अपवाद : गोडसे भटजींची राणी

वसाहतवादी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रीचे चित्रण करताना साहित्यापुढे एक विशिष्ट अडचण असते. स्त्रीने शस्त्र हाती घेतले, सैन्य उभारले, लढाईचे नेतृत्व केले, ही ऐतिहासिक घटना नाकारता येत नाही. पण स्त्रीत्वाविषयीच्या रूढ कल्पनांत ती बसतही नाही. ही विसंगती मिटवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्या स्त्रीला अपवाद ठरवणे. ती स्त्री असूनही पुरुषासारखी लढली, असे म्हटले की तिचा गौरवही होतो आणि इतर स्त्रियांविषयीचा नियमही अबाधित राहतो. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईविषयीचे मराठी लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. राणीचे घराणे, तिचा दरबार आणि तिच्याविषयीचा एक अत्यंत महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त हे तिन्ही मराठी आहेत. तो वृत्तान्त म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. राणीच्या नंतरच्या प्रतिमेत जे हरवले, ते या संहितेत शिल्लक आहे, अशी मांडणी येथे करावयाची आहे. आफ्रिकेतील दोन स्त्रीनेत्यांची उदाहरणे या मांडणीला उपयोगी पडणारी आहेत. त्यांचा विचार पुढे येईल.

१

ह्यू रोझ हा राणीचा प्रतिस्पर्धी सेनापती. बंडवाल्यांमध्ये खरा पुरुष एकच निघाला आणि तो स्त्री होती, असा अभिप्राय त्याच्या नावावर सांगितला जातो. हे शब्द त्याचेच आहेत की नाहीत, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. या अभिप्रायाची घडण महत्त्वाची आहे. त्यात राणीची स्तुती आहे, तिच्या सहकाऱ्यांची निंदा आहे आणि शौर्य हा पुरुषाचाच गुण आहे हे गृहीतकही आहे. जेत्याची ही भाषा जितांनी जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. 'मर्दानी' हे विशेषण राष्ट्रीय काव्यातून आणि शालेय पाठांतून इतके रुळले, की त्यातील लिंगभेदाचे गृहीतक कोणाला जाणवेनासे झाले.

मराठीतील लेखनाची वाटचाल याच दिशेने झालेली दिसते, मात्र तिच्यात टप्पे आहेत. द. ब. पारसनीस यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेले राणीचे चरित्र इंग्रजी अंमलात लिहिले गेले. जून १८५७ मध्ये झाशीच्या जोखनबागेत झालेल्या युरोपियनांच्या कत्तलीत राणीचा हात नव्हता, हे दाखवणे हा त्या चरित्राचा एक प्रमुख हेतू आहे. त्यामुळे पारसनीसांची राणी सतत बचावाच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखी वाटते. वि. दा. सावरकरांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे चित्र उलटते. तेथे बचावाची गरजच उरत नाही; उठावाला स्वातंत्र्ययुद्ध म्हटले की राणी त्या युद्धाची ज्वाला होते. पुढे वि. वा. शिरवाडकरांनी 'वीज म्हणाली धरतीला' या नाटकातून तिला मराठी रंगभूमीवर आणले. नाटकाच्या नावातच विजेची प्रतिमा आहे. वीज चमकते आणि नाहीशी होते; तिला पूर्वपरंपरा नसते आणि उत्तराधिकारही नसतो. प्रतिमा म्हणून ती प्रभावी आहे. पण राणीच्या कर्तृत्वाला क्षणाचे रूप देण्याची प्रवृत्तीही तिच्यातून व्यक्त होते.

२

गोडसे भटजी पेण तालुक्यातील वरसईचे. घरचे दारिद्र्य आणि कर्ज यांनी ते गांजले होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, असे कळल्यावर १८५७ मध्ये ते काकांसह उत्तरेकडे निघाले. उठावाची त्यांना कल्पना नव्हती आणि त्यात भाग घेण्याची इच्छाही नव्हती. वाटेत त्यांना युद्ध भेटले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. नंतरची कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली, सोसली. परत आल्यावर पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकिकत लिहिली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये फेरफार करून प्रसिद्ध केली. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकांपुढे होती ती संपादकाच्या हाताखालून गेलेली राणी होती. अभ्यासकाने दोन्ही आवृत्त्या समोर ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

'माझा प्रवास'चा निवेदक इतिहासकार नाही, चरित्रकार नाही आणि देशभक्तीचा प्रचारकही नाही. तो भिक्षुक आहे. कोणत्या दरबारात किती दक्षिणा मिळते, कोणता धर्मविधी यथासांग होतो, कोठे पाणी आहे, कोणता रस्ता सुरक्षित आहे, याकडे त्याचे लक्ष असते. ही दृष्टी मर्यादित आहे खरी. पण राणीच्या बाबतीत नेमकी तीच फलदायी ठरली आहे. पराक्रमाचे चित्र रंगवण्याची घाई नसल्याने गोडसे तिचा दिवस सांगतात. सकाळचा व्यायाम व घोडेस्वारी, स्नान, पूजा, दानधर्म, दुपारनंतरचा दरबार, तक्रारी ऐकणे, निवाडे करणे, हुकूम लिहवून घेणे व प्रसंगी स्वतः लिहिणे, महालक्ष्मीच्या देवळात जाणे, असा तो क्रम आहे. थंडीत कुडकुडणाऱ्या गोरगरिबांना उबदार कपडे देवविल्याची हकिकत त्यांनी लढाईच्या प्रसंगाइतक्याच आस्थेने नोंदवली आहे.

या वर्णनातील पोशाखाचा तपशील विशेष सूचक आहे. दरबारात राणी कधी पुरुषी वेष करीत असे, तर कधी स्त्रीवेषात येत असे, असे गोडसे सांगतात. पुढच्या प्रतिमासृष्टीत यांतला पुरुषी वेषच उरला आणि तोही रणांगणापुरता. गोडशांच्या संहितेत मात्र दोन्ही वेष एकाच गादीवर बसतात. निवाडा करताना ती कोणत्या वेषात आहे याने तिच्या हुकुमाचे वजन कमीजास्त होत नाही. गोडसे याविषयी आश्चर्य व्यक्त करीत नाहीत, समर्थनही करीत नाहीत. त्यांच्या लेखी ती राज्य करणारी बाई आहे, आणि राज्य करणारी बाई ही त्यांच्या अनुभवविश्वाबाहेरची वस्तू नाही. ज्या यज्ञासाठी ते घराबाहेर पडले तो यज्ञ मांडणाऱ्या बायजाबाई शिंदे यांनीही पतीच्या निधनानंतर ग्वाल्हेरचा कारभार पाहिलेला होता. संहितेचा आरंभ एका सत्ताधारी विधवेच्या वार्तेने होतो आणि तिचा मध्यबिंदू दुसरी सत्ताधारी विधवा आहे, ही रचना योजून केलेली नाही. म्हणूनच तिला पुराव्याचे मोल आहे.

३

येथे राणीच्या लढ्याच्या मूळ कारणाकडे वळले पाहिजे. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्या दिवशी त्यांनी मुलगा दत्तक घेतला आणि कंपनी सरकारला पत्र लिहून दत्तकाला मान्यता मागितली. त्याचबरोबर पत्नीच्या हयातीत संस्थानाचा कारभार तिच्याकडे असावा, अशीही विनंती त्या पत्रात होती. डलहौसीने १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. या प्रकरणाची चर्चा बहुधा दत्तकाच्या अंगाने होते; पण नामंजूर झालेल्या गोष्टी दोन होत्या. वारस नाकारला गेला, तसाच विधवेचा राज्य करण्याचा अधिकारही नाकारला गेला. ताराबाईंपासून अहिल्याबाईंपर्यंत मराठी राजकारणात तो अधिकार वादग्रस्त होता, त्याला विरोध होत होता, पण तो अकल्पनीय नव्हता. कंपनीने राणीला दरमहा पाच हजार रुपयांची नेमणूक देऊ केली. म्हणजे राज्यकर्तीची निवृत्तिवेतनधारक विधवा केली.

राणीचा प्रतिकार प्रथम शस्त्राने झाला नाही, तो अर्जाने झाला. शेजारच्या संस्थानांतील दत्तकांचे दाखले देत तिने अर्ज केले. जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. जून १८५७ मध्ये झाशीतील इंग्रजी सत्ता कोसळल्यावर तिने जबलपूरचा आयुक्त अर्स्किन याला पत्रे लिहिली आणि त्याने इंग्रजी अंमल पुन्हा बसेपर्यंत कारभार पाहण्यास तिला कळवले. या पत्रव्यवहारामुळे राष्ट्रवादी चरित्रकार अडचणीत येतात, कारण पहिल्या दिवसापासून तलवार उपसलेली नायिका त्यात सापडत नाही. लढ्याचा विषय 'अधिकार' हा मानला, तर मात्र अडचण उरत नाही. अर्ज, पत्रव्यवहार, ओरछाच्या फौजेशी झालेला सामना आणि मार्च-एप्रिल १८५८ मधला रोझच्या सैन्याचा वेढा, या सर्व कृती एकाच आग्रहाच्या ठरतात. झाशीचा कारभार करण्याचा अधिकार आपला आहे, हा तो आग्रह होय.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी सिरमूरच्या राणीवरील आपल्या १९८५ च्या लेखात असे दाखवले आहे, की वसाहतीच्या दप्तरात स्त्री प्रकट होते ती राज्यकारभाराला तिची गरज असेल तेवढ्यापुरतीच. लक्ष्मीबाईच्या बाबतीत या विधानाला एक पुस्ती जोडता येईल. राष्ट्रवादाच्या दप्तरातही ती गरजेपुरतीच प्रकट होते. इंग्रजांनी तिचा अधिकार काढून घेतला. राष्ट्रवादाने तिला शौर्य दिले, पण अधिकार परत केला नाही.

४

आफ्रिकेतील दोन उदाहरणे ताडून पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. आजच्या घानातील असांते राज्याचा राजा प्रेम्पे याला इंग्रजांनी १८९६ मध्ये पकडून नेले. १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसन याने असांते लोकांचे पवित्र सुवर्णासन मागितले, तेव्हा एजिसूच्या या असांतेवा हिने युद्धाचे नेतृत्व केले आणि कुमासीच्या किल्ल्यातील इंग्रजांना वेढा पडला. पुढे ती पकडली गेली आणि १९२१ मध्ये सेशेल्स बेटांवर हद्दपारीत वारली; सुवर्णासन मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाही. तिच्या तोंडी घातले जाणारे एक भाषण प्रसिद्ध आहे. पुरुष लढणार नसतील तर स्त्रिया लढतील, असा त्याचा आशय आहे. येथेही अपवादाची भाषा डोकावते. परंतु या असांतेवा ही 'ओहेमा' होती, ही गोष्ट नजरेआड होऊ देता येत नाही. राजमाता असे याचे भाषांतर केले जाते, पण ते केवळ नाते नव्हे, पद आहे. त्या पदाला स्वतंत्र आसन आहे आणि नवा राजा सुचवण्याचा हक्क आहे. तिने पुरुषांची जागा बळकावली नाही; पुरुष हद्दपार झाल्यावर आपल्या पदाची जबाबदारी पार पाडली.

झिंबाब्वेतील नेहांदाचे उदाहरण याहून निराळे आहे. नेहांदा हे शोना लोकांच्या श्रद्धेनुसार एका पूर्वज-शक्तीचे नाव. ती शक्ती ज्या स्त्रीच्या अंगी संचारते, ती तिची माध्यम होते. १८९६-९७ च्या उठावातील अशी माध्यम चार्वे हिला इंग्रजांनी एप्रिल १८९८ मध्ये फाशी दिले. येथे देह एका स्त्रीचा, पण अधिकार परंपरेचा असतो. त्यामुळे फाशीने माध्यम संपते, नेहांदा संपत नाही. १९७० च्या दशकातील मुक्तियुद्धात तिचे नाव पुन्हा उच्चारले गेले ते याच श्रद्धेच्या बळावर. युवॉन वेरा यांच्या 'नेहांदा' (१९९३) या कादंबरीत रणांगणापेक्षा जन्म, स्त्रियांचा समूह आणि वाणी यांना महत्त्व आहे. नायिकेला एकटी न ठेवता तिच्या अधिकाराचा उगम समूहात शोधणारी ही कथनरीती लक्ष्मीबाईविषयीच्या मराठी ललित लेखनाला फारशी साधलेली नाही.

अर्थात ही तुलना सरळसोट नाही. ओहेमाचे पद स्त्रीचेच असते. मराठी राज्यातील विधवेचा कारभार हा अज्ञान वारसाच्या नावाने चालणारा, मुदतीचा अधिकार होता. हा ताण खुद्द 'माझा प्रवास'मध्ये एका प्रसंगात उमटला आहे. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली, पठाणी वेषातली राणी गोडशांना भेटते. ते पाणी काढून देऊ लागतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये म्हणून ती त्यांना थांबवते आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने पिते. आपल्यासारख्या विधवेला पोटापुरते तांदूळ पुरले असते, पण धर्माच्या अभिमानाने हे कर्म अंगीकारले, असे ती सांगते. पुरुषी वेषातही तिची भाषा विधवेची आणि धर्माची आहे, राष्ट्राची नाही. वर्णव्यवस्थेची चौकट ती मोडत नाही, पण विधवाधर्माची चौकट मोडल्याची तिला पूर्ण जाणीव आहे. या प्रसंगातील राणी वीज नाही. ती किंमत जाणून निर्णय घेणारी, थकलेली, सत्तेवरून दूर झालेली राज्यकर्ती आहे.

५

गोडशांच्या दृष्टीला मर्यादा आहेत. दानावर जगणाऱ्या ब्राह्मणाची ती दृष्टी आहे; मधल्या पंचवीस वर्षांत स्मृतीवर संस्कारही झाले असणार. झाशीच्या तोफांच्या मोर्चांवर स्त्रिया काम करताना व दारूगोळा वाहताना दिसल्या, असे रोझच्या वृत्तान्तात आहे; त्या स्त्रिया निनावीच राहिल्या. झलकारीबाईची स्मृती बुंदेलखंडातील लोकपरंपरेने जपली आणि दलित चळवळीने ती पुढे आणली. राणीला अपवाद मानणाऱ्या लेखनाला या स्त्रियांचे काय करावे हे कळत नाही, कारण अपवाद एकच असावा लागतो. १९४३ मध्ये आझाद हिंद सेनेत लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली झाशीची राणी पलटण उभी राहिली आणि मलायातील रबराच्या मळ्यांवरच्या मजूर स्त्रियाही तीत दाखल झाल्या. त्या वेळी एका व्यक्तीचे नाव अनेकींचे झाले, अपवादाचे पद झाले. साहित्याला जे सुचले नव्हते, ते इतिहासात घडले.

मराठी समीक्षेने 'माझा प्रवास'कडे आजवर मुख्यतः प्रवासवर्णन, आत्मचरित्र किंवा इतिहासाचे साधन म्हणून पाहिले आहे. स्त्रीच्या सत्तेची नोंद करणारी संहिता म्हणून तिचे वाचन व्हावयास हवे. राणी कशी लढली हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ती राज्य कसे करीत होती, हे वरसईच्या एका कर्जबाजारी भिक्षुकाने लिहून ठेवले आहे. आणि ती कशासाठी लढली याचे उत्तर त्याच तपशिलांत आहे.