कुलाबा गॅझेटियर आणि अलिबाग : बाजारपेठेच्या गावाची वाढ व स्वरूप – एक चिकित्सा

बीजसंज्ञा : अलिबाग, गॅझेटियर, बाजारपेठ, खारभूमी, खोती

प्रस्तावना

रायगड किनारपट्टीवरील गावांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचा पहिला आधार म्हणजे १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेला कुलाबा व जंजिरा यांचा गॅझेटियर खंड होय. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या मालेतील हा अकरावा खंड माहितीच्या विपुलतेमुळे आजही अपरिहार्य ठरतो. तथापि, बाजारपेठेचे गाव कसे वाढते हे समजण्यास या ग्रंथाची मांडणी कितपत उपयुक्त आहे, याची तपासणी होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात अलिबागच्या संदर्भात ही तपासणी केली आहे.

ग्रंथाची मांडणी

या खंडात शेती, व्यापार, इतिहास, जमीन महसूल यांना स्वतंत्र प्रकरणे असून गावांची माहिती अखेरच्या स्थळवर्णनात वर्णानुक्रमे येते. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हवी ती बाब चटकन सापडावी, हा या रचनेमागील हेतू रास्तच होता. परंतु त्यामुळे भात एका प्रकरणात, ते वाहून नेणारे गलबत दुसऱ्यात, ते पिकविणारे कूळ तिसऱ्यात आणि ते जेथे विकले जाई ती पेठ शेवटच्या प्रकरणात, अशी विभागणी झाली. गाव म्हणजे किल्ला, मंदिरे, कचेऱ्या यांची यादी, असा समज त्यातून दृढ होतो. १९६४ च्या सुधारित आवृत्तीतही स्थळवर्णन वेगळे ठेवण्याची हीच परंपरा पाळलेली दिसते.

अलिबागची जडणघडण

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आठवडी बाजार भरविण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे व त्या हक्काभोवती गाव वाढे. आपल्याकडेही शेटे-महाजनांना वतने देऊन पेठा वसविल्या जात. अलिबागचा उगम मात्र आरमारी सत्तेत आहे. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी कुलाबा किल्ल्याच्या बांधणीस प्रारंभ केला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात किल्ल्यासमोरील वस्तीला शहराचे रूप आले. आरमाराला धान्य, दोर, लाकूड, तेल लागे आणि ते पुरविणाऱ्यांमुळे पेठेला आधार मिळे. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, तरी गाव ओस पडले नाही. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा होऊन अलिबाग त्याचे मुख्य ठाणे बनले व आरमाराची जागा कचेरी-कोर्टाने घेतली. कामासाठी येणारा पक्षकार बाजार करूनच परतू लागला. दक्षिणेस काही कोसांवर असलेले चौल शतकानुशतके परदेशी व्यापाराचे बंदर होते, परंतु तो व्यापार हटताच त्याचे वैभव ओसरले. अलिबागची पेठ लहान असली तरी टिकली, कारण ती दूरच्या जहाजांपेक्षा जवळच्या गावांवर अधिक अवलंबून होती.

पेठ आणि परिसर

या पेठेचे खरे स्वरूप तिच्याभोवतीच्या श्रमविभागणीत दिसते. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि खारभूमीत भात पिकवायचे, हे आगरी कुळांचे काम. मासळी कोळ्यांची, नारळ-सुपारी बागायतदारांची. तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्रायली शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांतील पांढऱ्या कांद्याच्या माळा आजही बाजारात येतात.

हा संबंध किती निर्णायक होता, हे १९३३ च्या चरीच्या संपाने दाखवून दिले. खोतांच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी सुमारे सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला व १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. शेत पडीक राहिले की पेठेत येणारे भात थांबते. म्हणून हा संप केवळ ‘जमीन महसूल’ या सदरात मावणारा नाही. तो अलिबाग शहराच्याही इतिहासाचा भाग आहे.

निष्कर्ष

गॅझेटियरचे मोल माहितीत आहे. त्याची मर्यादा मांडणीत आहे. ही मर्यादा केवळ ग्रंथापुरती राहत नाही. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली, मुंबई आणखी जवळ आली आणि शेतजमिनीला बंगल्यांसाठी मागणी वाढत गेली. अशा वेळी अलिबाग म्हणजे किल्ला व समुद्रकिनारा एवढेच मानले, तर बांध फुटून नापीक होणारी खारभूमी ही शहराची हानी समजलीच जाणार नाही. पेठेला पोसणारे शेत आणि शेताला ग्राहक देणारी पेठ यांचा एकत्रित विचार करणारे स्थानिक इतिहासलेखन म्हणूनच आवश्यक आहे. त्यासाठीची सामग्री गॅझेटियरच्या निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली आहे. ती सांधण्याचे कार्य अभ्यासकांनी हाती घ्यावयास हवे.